नऊ मिनिटांची चढण

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढे वाच. दीड महिना पत्र नाही हे कबूल. कारण विचारू नकोस, कारण नाहीच.

नव्या नोकरीत आता रुळलोय. मागे तुला नीट सांगितलं नव्हतं. कुणाला काही मोठं बांधायचं असलं, कारखाना, गोदाम, बंदर, की त्याचा धोका आम्ही मोजतो. काय बिघडू शकतं, बिघडलं तर झळ कुठपर्यंत पोचेल, माणसं किती वेळात लांब जातील. दिवसभर आकडे. परवा सिनेमाला गेलो तर पडदा सोडून बाहेर पडायची दारंच मोजत बसलो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या रांगेत गेला.

तुझं काय चाललंय? मशीनचा पट्टा बदललास का? फोनवर तू मशीनच्या आवाजात 'हं, हं' करतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्रातच विचारतो.

हो, एक गंमत राहिली. ऑफिसात पायऱ्या चढण्यावरून वाद चालला होता. मी म्हटलं, माझी आत्या कॅनव्हासचा गठ्ठा खांद्यावर टाकून दुकानापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाते, मागच्या एकशे बारा पायऱ्यांनी, आणि लहानपणी मला तिच्या मागे अक्षरशः पळावं लागायचं. कुणाचा विश्वास बसेना. अजून जातेस ना? किती वेळ लागतो आता? खरं सांग, वाढवून नको.

तुझा,
टिल्लू (उंची सहा फूट)


१४ फेब्रुवारी

टिल्लू,

दीड महिना नाही, दोन महिने आणि चार दिवस. आकड्यांची नोकरी करतोस ना रे? त्या लोकांनी तुला घेतलं कसं?

पट्टा बदलला. कानाचं म्हणशील तर डावा कान आता फक्त डूल अडकवण्यापुरता. काम भरपूर आहे. लाँचवाल्याच्या लाँचचं छत पार विरलंय, ते नवीन शिवतेय. जाड कापड, दाभण ढकलून ढकलून अंगठ्याला घट्टे पडलेत. शिवाय दोन होड्यांची आच्छादनं आणि शाळेच्या ओट्यावरचा पडदा. बसून काम, त्यामुळे मजेत आहे.

टाकीचं विचारतोस. नऊ मिनिटं. गठ्ठा आठ किलोचा, मध्ये एकदाही न टेकता. सांग तुझ्या ऑफिसातल्या पोरांना, सत्तरी गाठली तरी आमची आत्या कुणाला ऐकत नाही म्हणावं.

गावात सध्या एकच विषय. खाडीच्या तोंडाशी, जुन्या धक्क्याच्या पलीकडे, गॅसचं बंदर येणार म्हणतात. परदेशातून जहाजं येणार आणि तिथे उतरवणार. आपल्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेच्या बाई तुला आठवतात ना, निवृत्त झाल्या तरी सगळे बाईच म्हणतात, त्या पेटून उठल्यात. त्या, औषधवाला आणि लाँचवाला, तिघांनी समिती काढलीय. कंपनीची माणसं येऊन छान छान चित्रं दाखवून गेली. चित्रात झाडं होती, बाकं होती, हसणारी माणसं होती. बंदर कुठे दिसेना.

मी कुणाच्याच बाजूला नाही. मी आपली शिवत बसते. पण तू शिकलेला आहेस आणि तुझं कामच हे. खरं खरं सांग, त्यात भिण्यासारखं आहे का? तू सांगशील ते मी मानेन.

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

नऊ मिनिटं! मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तू म्हणजे धन्य आहेस.

बंदराचं विचारलंस. असं बघ, तो गॅस खूप थंड करून पाण्यासारखा पातळ करतात, जहाजातून आणतात, जाड टाक्यांमध्ये साठवतात आणि मग पुन्हा गॅस करून नळातून पुढे पाठवतात. जगात अशी बंदरं पुष्कळ आहेत. अपघाताची शक्यता फार म्हणजे फारच कमी. गळती झालीच, तर थंड गॅस जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो. अशा वेळी माणसांनी उंचावर जायचं, बस. आपल्या गावाला तर चढण आयतीच आहे. टाकीपर्यंत पोचलं की झालं. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे, आणि तुझ्यासारखी नऊ मिनिटांत पोचणारी माणसं असल्यावर काय!

तेव्हा तू काळजी करू नकोस. बाईंना म्हणावं, रक्तदाब सांभाळा.

आणि नेहमीचं विचारतो, नेहमीसारखं नाही म्हण. इथली मागची खोली रिकामीच आहे. उजेड भरपूर येतो. तुझं मशीन खिडकीपाशी छान बसेल. येतेस का राहायला?

टिल्लू


२० एप्रिल

टिल्लू,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं होतं, 'नाही येत' असं मोठ्या अक्षरात. पण छताचं काम संपेना आणि पत्र राहिलं. आता दुसरंच पत्र लिहितेय.

कंपनीचा अहवाल आलाय. वाचनालयात ठेवलाय, उशीएवढा जाड. कुणीही येऊन वाचावा, म्हणणं असेल तर एकवीस मेच्या सुनावणीत मांडावं, अशी पाटी लावलीय. पण एवढं वाचतंय कोण? शेवटी बाईंनी रोज संध्याकाळी तासभर मोठ्यांदा वाचायचं ठरवलं. आम्ही पंधरा-वीस जण जाऊन बसतो. पहिले तीन दिवस अर्धे लोक पेंगले. औषधवाला तर घोरला.

काल पान दोनशे चौदा आलं. मी तुला जसंच्या तसं उतरवून पाठवते, बाईंकडून मागून घेतलंय.

'स्थानिक पाहणीनुसार, धक्क्यालगतच्या गल्लीतील सत्तर वर्षे वयाची स्त्री सुमारे आठ किलो ओझ्यासह, मध्ये न थांबता, मागील पायऱ्यांच्या मार्गाने नऊ मिनिटांत सुरक्षित उंचीवर पोहोचते. त्यामुळे वृद्ध रहिवाशांसाठीही पंधरा मिनिटांची मर्यादा पुरेशी आहे.'

सगळे हसले. लाँचवाला म्हणाला, ही बाई आहे का घोरपड? बाईंनी विचारलं, आपल्या गल्लीत अशी कोण आहे बुवा? एकेकीची नावं घेऊन झाली. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मीही हसले.

घरी येऊन तुझं फेब्रुवारीचं पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं. मग मार्चचं. तू ऑफिसातल्या वादाचं लिहिलंस. वाद होता का रे खरंच?

मला फक्त एवढंच विचारायचंय. 'स्थानिक पाहणी' म्हणजे काय? पाहायला कोण आलं होतं?

आत्या


२६ एप्रिल

प्रिय आत्या,

वाद नव्हता.

अहवालाचा तो भाग मी लिहिला. आमच्या ऑफिसला हे काम नोव्हेंबरमध्ये मिळालं. गावाचं नाव वाचून मी साहेबांना सांगायला हवं होतं की माझं घर तिथे आहे, दुसऱ्या कुणाला द्या. सांगितलं नाही. उलट मला वाटलं, मी असलो तर नीट होईल. आणि बाहेर बोलायची बंदी असते, तुलासुद्धा सांगता येत नव्हतं. हे खरं आहे, पण मला ते सोयीचंही होतं.

आमच्याकडे तक्ते असतात, कुठल्या वयाचा माणूस किती वेगाने चालतो, पायऱ्या कशा चढतो याचे. तक्त्याप्रमाणे म्हाताऱ्या माणसांना दुकानापासून टाकीपर्यंत तेवीस मिनिटं लागत होती. मर्यादा पंधराची. म्हणजे अहवाल तिथेच अडला. साहेब म्हणाले, तक्ते दुसरीकडच्या आळशी लोकांचे आहेत, डोंगरउतारावरची माणसं काटक असतात, काही स्थानिक पुरावा बघ. मला लगेच तू आठवलीस. मला वाटलं, बरोबर बोलतायत साहेब, मी स्वतः पाहिलंय.

मी तुला खोटं काही विचारलं नाही, आणि तू लिहिलंस त्यात एक अक्षर घातलं नाही. पण एका पत्राला 'पाहणी' म्हटलं, आणि एका बाईवरून आख्खी गल्ली धरली. चार वर्षांत तिथे फिरकलो नाही, आणि पाहणी म्हटलं. हे चुकलं. तरी आत्या, एक लक्षात घे, तू खरोखरच नऊ मिनिटांत जातेस. आकडा खोटा नाही.

माझ्यावर खूप रागावली आहेस का? तुझ्या पत्रात एकही शिवी नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

टिल्लू


३ मे

टिल्लू,

शिवी हवी असेल तर घे: गाढवा. आता पोट भरलं असेल तर खाली बैस आणि वाच, कारण या पत्रात गाढवपणा माझा आहे.

मी टाकीपर्यंत जात नाही. गेल्याला दोन वर्षं झाली.

मागल्याच्या मागल्या थंडीत, दुकानाच्या मागच्या दारात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्क्रू घातलेत. सहा आठवडे लाँचवाल्याच्या बायकोने मला न्हाऊ घातलंय. तेव्हा तुझी फोनवर तक्रार होती बघ, आत्या तू फोन लवकर ठेवतेस म्हणून. मी पलंगावरून बोलत होते आणि हसताना दुखायचं. आता चार पायांची लोखंडी चौकट पुढे ढकलत चालते. वरची खोली बंद केली, दुकानातच पलंग टाकलाय. पाव, दूध लाँचवाला आणून देतो. पायऱ्यांकडे मी बघतसुद्धा नाही.

तुला का नाही सांगितलं? कारण तू त्याच आठवड्यात आला असतास, आणि मला उचलून तुझ्या त्या उजेडाच्या खोलीत नेऊन बसवलं असतंस. तू प्रेमाने केलं असतंस, आणि मी तिथे खिडकीत बसून, कुणाच्याही होडीला उपयोगी न पडता, गुपचूप मेले असते. मला माझं दुकान हवंय. म्हणून खोटं बोलले. नऊ मिनिटं खरी आहेत, पण ती माझ्या बासष्टाव्या वर्षाची आहेत. तू विचारलंस आणि मला वाटलं, पोराच्या डोळ्यांपुढे मी अजून चालतेय, चालू दे. मला काय माहीत तू ते छापणार आहेस!

तर बाळा, पाहणी करायला कुणी नव्हतंच, आणि पाहण्यासारखंही काही नव्हतं. आपण दोघांनी मिळून ती बाई तयार केली.

गेल्या रविवारी बाईंनी गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावलं. हातात घड्याळ, गळ्यात शाळेची शिट्टी. म्हणाल्या, चला, प्रत्येकाने टाकीपर्यंत चालून दाखवायचं, आपली पाहणी आपण करू. मला म्हणाल्या, तुम्ही राहू द्या. मी म्हटलं, का राहू देऊ? शिट्टी वाजली तशी निघाले. पायऱ्यांच्या तळाशी पोचायलाच सतरा मिनिटं. मग चौकट औषधवाल्याकडे दिली आणि कठड्याला धरून चढायला लागले. सत्तेचाळिसाव्या पायरीवर पाय उचलेना. सव्वीस मिनिटं झाली होती. तिथेच बसले. औषधवाला मागून म्हणत होता, शाब्बास, शाब्बास, जशी काही मी दुडदुडायला शिकतेय. लाँचवाल्याने आणि त्याच्या भावाने मला खुर्चीत घालून खाली आणलं.

मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा त्या बंदराची भीती वाटली. स्वतःसाठी नाही रे फारशी. माझ्यामागे लाकूडवाल्याची सासू होती, ती चौदाव्या पायरीवरच थांबली. तिच्याही मागे लोक होते. गळती झाली असती तर आम्ही दोघी रस्ता अडवून बसलो असतो.

आता सांगते माझी अडचण. एकवीसला सुनावणी आहे. मी उठून म्हणू शकते की पान दोनशे चौदावरची बाई मी आहे, आणि हे बघा माझे पाय. पण मग विचारतील, त्यांना नऊ मिनिटं कुणी सांगितली? तुझं नाव आल्याशिवाय राहणार नाही. नोकरी जाईल, आणि पुन्हा अशा कामात कुणी उभं करणार नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, तुझा बाप बोटीवर. मी तुला वाढवलं ते काय तुझं नुकसान करायला? तू सांग. बोलू, का गप्प बसू? तू म्हणशील तसं करेन.

आत्या


९ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. वर जाववेना.

तू सहा आठवडे पलंगावर होतीस आणि मी फोनवर तुला विचारत होतो की शेजारी एवढा कसला आवाज येतोय. तुझा राग आला. मग स्वतःचा आला. चार वर्षं मी 'येतो, येतो' म्हणत राहिलो, आणि तुला माझ्यापासून लपावं लागलं, कारण मी येईन तर न्यायलाच येईन हे तुला ठाऊक होतं. आता दुखतं का? थंडीत दुखतं का? कोण बघतं? हे सगळं लिही.

बंदराबद्दल एवढंच म्हणतो की आत्ता बोलू नकोस. मी साहेबांना सांगितलंय की आकडा तपासायला हवा. ते म्हणाले, मंजुरी मिळू दे, मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, हे नेहमीचंच असतं. मी आतून करून घेतो. मला थोडा वेळ दे. घराचे हप्ते आहेत, सगळंच आहे. तू फक्त एकवीसला गप्प राहा.

तुझा,
टिल्लू


१४ मे

टिल्लू,

बरं. गप्प राहीन.

थंडीत दुखतं. एरवी नाही. लाँचवाल्याची बायको दर मंगळवारी येते, पाठ घासून देते आणि त्याच्या बदल्यात तासभर नवऱ्याच्या कागाळ्या सांगते. मला दोन्ही आवडतं.

सुनावणीला सावली हवी म्हणून शाळेच्या पटांगणात मोठा मांडव घालायचाय, त्याचं कापड माझ्याकडे आलंय. समितीतले सगळे दुकानातच बसतात, कड्या ठोकायला मदत करतात. बोलणं अर्थात एकच, ती सत्तरीची बाई कोण. लाँचवाला म्हणतो, ती मुळात नाहीच, कुणीतरी खुर्चीत बसून रचलीय. बाई म्हणतात, नाही, एवढं बारीक, आठ किलो वगैरे, कुणी उगाच रचत नाही. कुणीतरी आपल्यातलंच बोललंय. मग सगळे एकमेकांकडे बघतात. काल औषधवाल्याने लाकूडवाल्याच्या सासूवर संशय घेतला. ती रडली. मी मान खाली घालून दाभण चालवत होते. ते बोटात गेलं.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाहीये. तू विचारलंस सगळं लिही, म्हणून लिहिलं. मी दिलेला शब्द पाळीन, मला तू बंदरापेक्षा आणि गल्लीपेक्षाही जास्त आहेस, आणि हे काही फार चांगलं नाही, हे मला कळतं.

फक्त यापुढे मला 'काळजी करू नकोस' असं लिहू नकोस.

आत्या


१८ मे

प्रिय आत्या,

सोबत एका पत्राची प्रत आहे. मूळ पत्र सुनावणीच्या अधिकाऱ्यांना काल हातोहात पोचवलं, एक प्रत बाईंना, एक साहेबांच्या टेबलावर. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी सुटलो म्हणून खूश झालो असतो.

त्यात लिहिलंय की पान दोनशे चौदा माझं आहे. कसलीही पाहणी झाली नव्हती. तक्त्याचा आकडा तेवीस मिनिटांचा होता, तो मी घरच्या एका पत्रातल्या वाक्यावरून बदलला, आणि ते पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीला आपलं वाक्य कुठे जाणार आहे याची कल्पना नव्हती. तो आकडा वापरून कुणीही मंजुरी देऊ नये. खाली माझी सही.

आत्या, तुझं नाव किंवा नातं मी लिहिलेलं नाही. तुझ्या पायाबद्दलही एक शब्द नाही. ते तुझं आहे. सांगायचं की नाही, कधी सांगायचं, तू ठरव. लाकूडवाल्याच्या सासूला मात्र कुणीतरी सांगा की तिच्यावरचा संशय गेला.

साहेबांनी दार लावून घेतलं, पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, चौकशी होईपर्यंत घरी बस. मी टेबलातला डबा आणि छत्री घेऊन निघालो. मला वाटलं होतं, खूप हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. हप्त्यांचा विचार येतो, आणि मी घाबरलोय. पण तुझं पत्र आता पूर्ण वाचता येतं. इतके दिवस मधेच थांबावं लागत होतं.

टिल्लू


२४ मे

माझ्या राजा,

तू पुन्हा लहान असतास तर तुला उचलून घेतलं असतं. तू सहा फूट आणि मी चार पायांची, तेव्हा पत्रावर भागव.

तुझं पत्र वाचून मी आधी खूप रडले. मग चिडले, मला न विचारता केलंस म्हणून. मग पुन्हा रडले. तेवढ्यात बाई त्यांची प्रत घेऊन आल्या. मी त्यांना म्हटलं, मुलगा माझा आहे, आणि ती बाईही मीच. त्या माझ्याजवळ पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, अहो, तुम्हाला नऊ मिनिटांत जाताना मी रोज शाळेच्या खिडकीतून बघायचे, मला कसं नाही सुचलं! मग दोघी लाकूडवाल्याच्या सासूबाईंकडे गेलो, मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, मागायची तर औषधवाल्याने मागावी. त्याने मागितली, वर खोकल्याचं औषध फुकट दिलं.

सुनावणी झाली. पटांगण भरलं होतं. मांडव माझा, एक शिवण हलली नाही, हे आधी लिहून ठेवते. पुढे टेबलावर तीन अधिकारी, एका बाजूला कंपनीचे लोक, दुसऱ्या बाजूला आम्ही. बाईंनी तुझं पत्र वाचलं, शाळेत धडा वाचत तसं, शांतपणे. कंपनीचा वकील लगेच उठला. म्हणाला, हा एका नाराज नोकराचा कांगावा आहे, अशी बाई आहे आणि तिने स्वतः सांगितलंय, आमच्याकडे नोंद आहे.

तुला नाराज नोकर म्हणाला, त्याने माझं डोकंच फिरलं. मी शेवटच्या रांगेत होते. म्हटलं, आहे, मी आहे. माइक पुढे होता. अधिकारी म्हणाले, इथे येऊन बोला.

मी निघाले. मला ठरवून काही करायचं नव्हतं रे, मला खरंच तेवढाच वेळ लागतो. चौकट पुढे, मग उजवा पाय, मग डावा, मग श्वास. पटांगणातली माती मऊ आहे, चौकटीचे पाय रुततात. लाँचवाला आधार द्यायला उठला, मी त्याला डोळ्यांनीच बसवलं. अर्ध्या वाटेत थांबले. वकील उभा होता तो हळूहळू खाली बसला. मधल्या अधिकाऱ्याने एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चाळीस पावलं असतील नसतील. सहा मिनिटं लागली.

माइकपाशी पोचले तर दम लागून शब्द फुटेना. चालता चालता खूप बोलायचं ठरवलं होतं. शेवटी एवढंच म्हणाले, पान दोनशे चौदावरची बाई मी. मी माझ्या पोराला खोटं सांगितलं होतं, त्याने काळजी करू नये म्हणून. त्याने तुम्हाला खरं सांगितलंय. मग मला खुर्ची दिली.

मंजुरी थांबवलीय. उगाच हुरळू नकोस, बंदर रद्द झालेलं नाही. पण नवी मोजणी करायची, गल्लीतल्या खऱ्या माणसांना चालवून, आणि ती होईस्तोवर एक दगडही ठेवायचा नाही, असं लेखी दिलंय. समितीला ती मोजणी तपासायला त्यातलं कळणारा कुणीतरी हवाय. पगार म्हणशील तर समितीकडे बाईंची शिट्टी आहे, बाकी काही नाही. मी तुझं नाव सुचवलं. लाँचवाला कुरकुरला, ज्याने चुकवलं त्यालाच कसं बोलवायचं. बाई म्हणाल्या, चुकलेला आकडा ज्याने स्वतःहून खोडला, तोच मला वर्गात पुढच्या बाकावर हवा.

तेव्हा ये. मला न्यायला नव्हे, राहायला. वरची खोली लाँचवाल्याच्या बायकोने झाडून ठेवलीय. हप्त्यांचं आपण दोघं बसून बघू. तुझ्या भीतीला माझ्याकडे औषध नाही, पण जेवायला गरम मिळेल.

आणि एक. आलास की बेल वाजव आणि बाहेर थांब. आत काही हालचाल दिसली नाही तर घाबरून दार ढकलू नकोस, लाँचवाल्याला हाक मारू नकोस. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो. पण दार मीच उघडणार आहे.

तुझी,
आत्या